म्हसोबापाशी रेंज

“मराठीत कशाला? इंग्रजीतच बोलतो की!”

हे वाक्य भुजंगरावांच्या तोंडून गेले तेव्हा ते गोठ्यापुढे उभे होते; एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात कडब्याची पेंढी. वाक्य उच्चारल्यावर त्यांनी ती पेंढी म्हशीपुढे टाकायची सोडून स्वतःच्याच पायावर टाकली. त्या वाक्याचे वजन त्यांनाही तत्काळ जाणवले असावे, असे मानण्यास यावरून जागा आहे.

फोनच्या पलीकडे त्यांची मुलगी प्रियदर्शनी होती. शेतीशास्त्राची पदवी घेऊन ती जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत लागली, त्याला पाच महिने झाले होते. सहावा महिना भरला की तिला कायम करायचे किंवा कसे, हे वरिष्ठ ठरवणार होते. कंपनीचे परदेशी पाहुणे मिरचीचे बीजोत्पादन पाहायला येणार होते आणि त्यांना दाखवण्यासाठी तिने भोकरदन तालुक्यातल्या आपल्या गावातले, आपल्याच वडिलांचे शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीचे मिरचीघर, सुचवले होते. तिची विनंती साधी होती. “आबा, स्वागताचे चार शब्द तुम्ही बोला. मराठीत बोला, मी सांगते त्यांना इंग्रजीत.” त्यावर भुजंगरावांनी वरील उत्तर दिले.

मग ती फार हळुवारपणे म्हणाली, “बरं. पण आबा, टेन्शन घेऊ नका. बिलकुल रिलॅक्स राहा.”

टेन्शन घेण्याचे कारण असे की भुजंगरावांना इंग्रजी येत नव्हते. (त्यांना एबीसीडी येत होती, पण तीही ओळीने म्हटली तरच. मधूनच एखादे अक्षर विचारले तर त्यांना पहिल्यापासून चालत यावे लागे.) मात्र गेली पंधरा वर्षे गावात ‘इंग्रजी येणारा माणूस’ म्हणून एकच नाव घेतले जाई, आणि ते त्यांचे होते. फवारणीच्या औषधाची बाटली आणली की माणसे तिच्यासोबतचा बारीक अक्षरांचा कागद घेऊन त्यांच्याकडे येत. भुजंगराव तो कागद नाकापाशी धरत, ओठ हलवत, दोनदा हुंकार देत आणि किती पाण्यात किती औषध हे अचूक सांगत. त्याच कागदाच्या पाठीमागे सगळे मराठीतही छापलेले असते, हे गावात फक्त त्यांनाच ठाऊक होते. हे ज्ञान त्यांनी पंधरा वर्षे निष्ठेने लपवले होते.

पाहुणे यायला अकरा दिवस होते. भुजंगरावांनी मोबाइलवर शोध घेतला आणि त्यांना अर्पिता मॅडम सापडल्या. या विदुषी रोज अर्धा तास इंग्रजी संभाषण शिकवीत; पण त्यांचा भर भाषेपेक्षा मनःस्थितीवर अधिक होता. “इंग्रजी अडतं ते शब्दांमुळे नाही, भीतीमुळे!” असे त्या सांगत. “आधी डोळे मिटा. खांदे सैल सोडा. कमरेच्या वरचं अंग हलू द्या, अगदी झाडाच्या फांदीसारखं. खोल श्वास. आता चेहऱ्यावर हसू आणा आणि मोठ्यानं बोला. चुकलात? थांबू नका! हसा आणि पुढं जा. लोक काय म्हणतील? म्हणू द्या!”

अडचण होती रेंजची. घरी-गोठ्यात फोनवर बोलण्यापुरती रेंज येई, पण धडा सलग चालेल अशी ती एकाच ठिकाणी मिळे: बांधावरच्या बाभळीखाली, जिथे शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड होता. तिथून दोन पावले सरकले की अर्पिता मॅडम अर्ध्या वाक्यात गप्प होत. तेव्हा रोज दिवस उगवताना आंघोळ करून, डोक्याला उपरणे गुंडाळून, त्याच्या आत कानाला वायरलेस यंत्र लावून (गावाला दिसू नये म्हणून) भुजंगराव म्हसोबाशेजारी मांडी घालून बसू लागले. डोळे मिटत. खांदे सैल सोडत. डुलत. खोल श्वास घेताना नाकातून बऱ्यापैकी आवाज येई. आणि मग प्रसन्न हसत ते मोठ्याने म्हणत, “आय ॲम रिलॅक्स्ड. आय ॲम हॅपी. आय कॅन, आय कॅन, आय कॅन!”

पहिले दोन दिवस याला साक्षीदार फक्त म्हसोबा होता. तिसरा दिवस मंगळवार होता.

शेडनेटमध्ये क्रॉसिंगला, म्हणजे मिरचीच्या एका जातीच्या फुलावर दुसऱ्या जातीचे पराग हाताने लावायला, सात बाया येत असत. ऊन तापण्याआधी हे काम व्हावे लागते, म्हणून त्या सकाळीच येत. त्यांची मुकादम सोनूबाई त्या मंगळवारी बांधावरून चालली होती, आणि पुढे जे दिसले त्याने ती जागच्या जागी थांबली.

तिने जो निष्कर्ष काढला त्याबद्दल तिला दोष देणे अन्यायाचे होईल. म्हसोबाचे ठाणे, मंगळवार, ओलेत्या अंगाचा, डोळे मिटून डुलणारा, नाकाने घुमणारा आणि काहीही कारण नसताना हसणारा माणूस. अंगात येण्याची जी लक्षणे त्या भागातल्या कोणत्याही जाणत्या बाईला पाठ असतात, त्यांतले एकही इथे कमी नव्हते.

“बाई गं! दादाच्या अंगात आलंय!”

“पण माय, ते इंग्रजीत बोलून राह्यले,” मागून एकीने शंका काढली.

“मंग? देव झाडाच्याच तोंडानं बोलतो न्हाई का?” सोनूबाई म्हणाली. (देव ज्याच्या अंगात येतो त्याला तिकडे ‘झाड’ म्हणतात.) “झाडाला जे येतं तेच देव बोलणार. दादाला इंग्रजी येतं, मंग देव इंग्रजीत बोलला.”

“दादा शिकून तर नसतील राह्यले, इंग्रजी?”

सोनूबाईने तिच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “ज्याला येतं तो कशाला शिकन? तू रोज भाकरी थापायची शिकतीस का?”

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. आजही नाही.

भुजंगरावांनी डोळे उघडले तेव्हा सात बाया हात जोडून समोर बसल्या होत्या, एक नारळ फुटून गेला होता आणि सोनूबाई पदर पसरून विचारत होती, “देवा, कोण हाईस तू? काय पायजे तुला?”

इथे त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, खरे सांगणे: बायांनो, मी देव नाही, मला इंग्रजी येत नाही, म्हणून शिकतोय. त्याने पंधरा वर्षांची अब्रू दुपारच्या भाकरीपूर्वी गेली असती आणि संध्याकाळच्या आत ती बातमी जालन्याला, मुलीच्या कानावर पोचली असती. दुसरा मार्ग, गप्प बसणे. भुजंगराव मूलतः सज्जन गृहस्थ. त्यांनी विचार केला की देव होणे त्यातल्या त्यात कमी लाजिरवाणे आहे. त्यांनी डोळे पुन्हा मिटले. कानात अर्पिता मॅडमचा आवाज चालूच होता, तोच त्यांनी पुढे सरकवला.

“डोन्ट वरी,” देव म्हणाला. “बी पॉझिटिव्ह.”

सातही बाया जमिनीवर टेकल्या.

घरी पोचेपर्यंत वार्ता त्यांच्या आधी पोचली होती. पत्नी नंदाबाई उंबऱ्यात तांब्या घेऊन उभ्या होत्या. पंचवीस वर्षांत त्यांनी भुजंगरावांच्या पायावर पाणी घातले नव्हते, ते आज घातले. दर वेळी ‘अवं’ म्हणून हाक मारणाऱ्या नंदाबाई आज एकदम ‘महाराज’ म्हणाल्या.

“नंदा, ऐक जरा. तसं काही न्हाई…”

“आतून कळायचं न्हाई तुम्हाला. झाडाला कळत नसतं. सोनूबाई म्हणली मला. आता कांदा-लसूण बंद. तंबाखू बंद. एक वक्ताचं जेवण, आन् निजायला घोंगडी.”

“तंबाखूसुद्धा?”

“देवाच्या तोंडात तंबाखू टाकता का?”

अशा रीतीने दैवी जीवनाला प्रारंभ झाला. बिनकांद्याचे पिठले, बोचणारी घोंगडी, थंड पाण्याची आंघोळ. आणि रोज सकाळी म्हसोबापाशी जमणारी, दिवसागणिक दुपटीने वाढणारी मंडळी. भुजंगरावांना जागा बदलता येईना, कारण तशी रेंज दुसरीकडे नव्हती. त्यांना अभ्यास सोडता येईना, कारण पाहुणे तर येणारच होते. अर्पिता मॅडम कानात म्हणत, “कल्पना करा, तुमच्यासमोर पन्नास माणसं बसली आहेत आणि तुम्ही अजिबात घाबरलेले नाही.” भुजंगरावांना कल्पना करायची गरज उरली नव्हती, पहिला भाग जुळला होता, दुसरा जुळत नव्हता.

माणसे प्रश्न विचारीत आणि धड्यात जे वाक्य चालू असेल ते उत्तर म्हणून मिळे. शेजारचा राधेश्याम आला. त्याची शेळी दोन दिवस गायब होती. “प्लीज वेट,” देव म्हणाला. बारावी नापास झालेल्या एका पोरीने त्याचा अर्थ ‘थांबा’ असा सांगितला. राधेश्याम घरी जाऊन थांबला. तिसऱ्या दिवशी शेळी स्वतःच्या पायांनी परत आली, आणि तो सांगे की येताना गाभण होऊन आली. त्यानंतर राधेश्यामने देवाच्या शब्दाविरुद्ध ब्र काढणाऱ्याशी बोलणे सोडले.

इथवर भुजंगराव मनातल्या मनात ओशाळत होते, एवढेच. खरी लाज सातव्या दिवशी वाटली. उषाबाई आल्या. एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या. त्यांचा मुलगा पुण्यात. पाच महिन्यांत त्याचा फोन नव्हता. त्यांनी काहीच विचारले नाही. भुजंगरावांच्या गुडघ्यावर डोके ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

“डोन्ट वरी,” भुजंगराव म्हणाले. त्या म्हातारीने डोळे पुसले आणि मान हलवली, जणू तिला ते सगळे समजले होते. त्या क्षणी भुजंगरावांना असे वाटले की शेजारचा दगड खरा आहे आणि तो आपल्याकडे पाहतो आहे.

दुपारी त्यांनी कुठूनतरी त्या मुलाचा नंबर मिळवला, म्हसोबापाशीच उभे राहून फोन लावला आणि शुद्ध मराठवाडी बोलीत, डोळे उघडे ठेवून, खांदे मुळीच सैल न सोडता, त्याची दहा मिनिटे कानउघाडणी केली. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः येऊन आईला भेटून गेला. (भुजंगरावांच्या हातून अकरा दिवसांत घडलेले हे एकमेव सत्कृत्य, आणि त्याचाच परिणाम असा झाला की नवव्या दिवशी शेजारच्या दोन गावांहून टेम्पो भरून माणसे आली.)

अकरावा दिवस उजाडला. भुजंगरावांनी पांढरे धोतर नेसले आणि रोजच्यासारखे उपरण्याआड कानात यंत्र घातले. चार वाक्ये पाठ झाली होती: गुड मॉर्निंग, वेलकम टू माय फार्म, आय ॲम अ चिली सीड फार्मर, थँक यू. नंदाबाईंना त्यांनी विनवले, “आज कोणाला येऊ देऊ नको. प्रियदर्शनीचे साहेब लोक येऊन राह्यले.”

“बराबर. मी सगळ्यांला सांगितलं, बाहीरच बसा म्हणून.”

‘बाहेर’ म्हणजे शेडनेटच्या जाळीच्या बाहेर, असा त्याचा अर्थ निघाला. हिरव्या जाळीला नाके लावून अख्खे गाव उभे होते.

गाडी आली. प्रियदर्शनी उतरली, तिच्यामागे दोन वरिष्ठ साहेब, एक उंच परदेशी गृहस्थ आणि वही घेतलेल्या एक परदेशी बाई. प्रियदर्शनीने गळ्यातले ओळखपत्र सरळ केले आणि वडिलांकडे पाहून हलकेच मान हलवली. तिच्या सहाव्या महिन्याचे भवितव्य पुढच्या चार वाक्यांवर अवलंबून होते, निदान भुजंगरावांची तशी खात्री होती.

त्यांनी डोळे मिटले. खांदे सैल सोडले. सवयीने अंग डुलले. खोल श्वास घेतला, तो नाकात वाजला. चेहऱ्यावर हसू आणले.

“गुड मॉर्निंग…”

“आला! आला!” जाळीबाहेर सोनूबाईने आरोळी दिली आणि कोणीतरी हलगीवर टिपरू हाणले.

पुढचे सगळे एका दमात झाले. जाळीचे दार उघडले, गाव आत आले, परदेशी बाईंच्या बुटाशेजारी नारळ फुटला, परदेशी गृहस्थांच्या कपाळाला बोटभर हळद लागली. राधेश्यामने त्यांचा दंड धरून त्यांना पुढे ढकलले. “इचारा साहेब, इचारा! तुमच्याच भाषेत बोलतो देव. जल्दी इचारा, मंग निघून जातो!”

परदेशी बाईंनी खरोखरच प्रश्न विचारला. हलगी थांबली. दीडशे माणसे श्वास रोखून देवाच्या तोंडाकडे पाहू लागली. भुजंगरावांना त्या प्रश्नातले एक अक्षर समजले नाही. त्यांनी डोळे उघडले, तर समोर मुलगी उभी होती. तिचे कान लालबुंद झाले होते, आणि तिच्या मागे एक साहेब काहीतरी लिहून घेत होते.

“बंद करा,” भुजंगराव म्हणाले. “बंद करा हे सगळं. माझ्या अंगात काही आलं न्हाई. कधीच आलं न्हवतं. मला इंग्रजी येत न्हाई, म्हणून मी मोबाइलवर शिकत होतो. म्हसोबापाशी रेंज येते म्हणून तिथं बसत होतो.” असे म्हणून त्यांनी उपरण्यातून कानातले यंत्र काढून तळहातावर धरले.

“मंग नऊ दिवस,” सोनूबाई सावकाश म्हणाली, “आमी मोबाइलच्या पाया पडून राह्यलो?”

“देवाचं जाऊ द्या हो,” राधेश्याम पुढे आला. त्याच्या मनात दुसराच हिशेब जुळत होता. “तुम्हाला इंग्रजी येत न्हाई, मंग माझ्या कपाशीवर पंधरा वर्षं काय मारायला लावलं तुम्ही?”

भुजंगरावांनी कागदाच्या पाठीमागच्या मराठीचेही सांगून टाकले. ते ऐकून राधेश्याम अधिकच खचला. आपल्याला मराठी येते, ही गोष्ट त्याला पंधरा वर्षे उपयोगी पडू शकली असती. एवढ्यात उषाबाई पुढे आल्या, पुन्हा वाकू लागल्या. भुजंगरावांनी त्यांना अडवले. “म्हातारे, मी देव न्हाई म्हणलं ना.”

“न्हाई तर न्हाई,” त्या म्हणाल्या. “फोन तूच केल्ता. पोरगं म्हणलं मला.”

परदेशी बाई अजून उत्तराची वाट पाहत होत्या. प्रियदर्शनी वडिलांकडे वळली. “आबा, त्या विचारताहेत, एक बाई एका सकाळी किती फुलं क्रॉस करते?”

हे भुजंगरावांना येत होते. त्यांनी मराठीत सांगितले. मग कळी कोणत्या दिवशी उघडायची, पराग कधी वाळतात, ऊन चढल्यावर हात का थांबवायचा, सोनूबाईच्या बोटांत काय कसब आहे, हे सगळे अर्धा तास सांगितले. प्रियदर्शनी ते इंग्रजीत सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. सोनूबाईने रुसलेल्या तोंडानेच, पण चार फुले क्रॉस करून दाखवली. कपाळावरची हळद परदेशी गृहस्थांनी जाताना पुसली नाही. साहेबांनी प्रियदर्शनीला “गुड वर्क” म्हटले, ते भुजंगरावांना समजले, आणि ते गाडी वळेपर्यंत जमिनीकडे पाहत उभे राहिले.

प्रियदर्शनी चहाला मागे थांबली. ओसरीवर भुजंगराव तिच्याकडे पाठ करून बसले होते.

“पोरी, तुझ्या साहेबांसमोर तुला मान खाली घालायला लावली. पंधरा वर्षं गावाला फसवलं, ते वायलं, तुला फसवलं.”

“मला नाही फसवलं, आबा. मला सहावीपासून माहीत होतं.”

भुजंगराव वळले.

“सहावीत मला भोकरदनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं ना? पहिलं प्रगतिपुस्तक आणलं तेव्हा तुम्ही ते पारावर नेलं. सगळ्यांसमोर शेरा वाचून दाखवला, ‘मुलगी अत्यंत हुशार, शाळेचं नाव काढील.’ मग दोन किलो पेढे वाटले. मी गप्प बसले. तुम्ही खरं वाचलं असतं तर मार पडला असता मला. तेव्हाच ठरवलं, ह्या माणसाला उघडं पाडायचं नाही. म्हणून तर म्हणलं होतं, मराठीत बोला.”

नंदाबाई चहाचे कप घेऊन दारात थांबल्या. “मंग तसं न्हवतं लिहिलेलं? काय लिहिलं व्हतं त्यात?”

प्रियदर्शनीने वडिलांकडे पाहिले. आजच्या दिवसात त्यांना आणखी काही ऐकवणे तिच्या जिवावर आले असावे; म्हणून तिने तो शेरा मूळ भाषेतच, जसा बाईंनी लाल शाईने लिहिला होता तसा, म्हणून दाखवला.

“केअरलेस ॲण्ड टॉकेटिव्ह. व्हेरी पुअर इन मॅथेमॅटिक्स. पेरेंट्स मस्ट मीट द प्रिन्सिपॉल इमिजिएटली.”

भुजंगरावांनी एकाग्रतेने ऐकले. अकरा दिवसांच्या साधनेचे काही ना काही फळ पदरात पडलेच होते. त्यांचे डोळे आपोआप अर्धे मिटले, खांदे सैल झाले आणि दिवसभराच्या शरमेने काळवंडलेल्या चेहऱ्यावर एक प्रसन्न, निर्भय हसू उमटले.

“थँक यू,” ते म्हणाले. “थँक यू व्हेरी मच.”

ते हसू पाहून नंदाबाईंची शंका फिटली; त्यांनी कप खाली ठेवले आणि सगळ्यांच्या हातावर ठेवायला साखर आणण्यासाठी त्या आत गेल्या.